बंद जिनिंगमधल्या सायकली

गिअरची सायकल घेतली की घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक काळ्या तेलाची फडकी आणि दुसरे किस्से. फडकी बायको फेकून देते. किस्से कोण फेकणार? माझ्याकडे ते इतके झालेत की लग्नात जा, तेराव्याला जा, कोणी ना कोणी पानावर बसल्या बसल्या म्हणतंच, "सर, तो अकोल्याचा सांगा ना!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. घरी परत येताना मात्र मला बरं वाटत नाही. म्हणून एकदा सगळे सलग सांगून मोकळा होतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. मी अमरावतीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचो. नद्या कुठून निघतात ते मला माहीत, सायकलचा आवाज कुठून निघतो ते नाही! जोशी वकील माझे शेजारी. कुंदाताई चांदूर बाजारकडच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. शरीफभाईंचं सायकलचं जुनं दुकान. आणि नानाभाऊ इंगोले. त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये आम्ही दर रविवारी सकाळी जमायचो.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही, पण आता वऱ्हाडातच सांगायची वेळ येईल असं वाटतं. ती वर्षं तशीच होती. कापसाचं काही खरं नव्हतं, पावसाचं तर त्याहून नाही. जिनिंग एकेक करून थंड पडत गेली. नानाभाऊंच्या शेजारच्या जिनिंगचा मालक एके सकाळी आपल्याच ऑफिसात मेलेला सापडला. फवारणीचं औषध घेतलं होतं. चांगला बोलका माणूस होता, दिसला की पान खिलवल्याशिवाय सोडायचा नाही.

तेव्हापासून नानाभाऊंच्या मुलाचा, सतीशचा, पुण्याहून मला फोन यायला लागला. नानाभाऊंची बायको आधीच गेलेली. भल्यामोठ्या ओसाड आवारात एकटा माणूस. सतीश विचारायचा, "सर, बाबा... ठीक आहेत ना?" 'ठीक'च्या आधी तो जरा थांबायचा. ते थांबणं मला कळायचं. त्या वर्षांत वऱ्हाडातून फोन आला की पुण्यामुंबईतली पोरं आधी बसून घ्यायची, मग उचलायची!

मग मी नुसता चौकशीला जायला लागलो. पण नुसती चौकशी करायला गेलेल्या माणसाशी नानाभाऊ बोलतच नसत. खुर्ची द्यायचे आणि फाटकाकडे बघत बसायचे.

*

डॉक्टरांनी मला शुगरसाठी सायकल चालवायला सांगितली होती. दुकानदाराने गिअरची गळ्यात मारली. आठवड्याभरात तिचं सुरू झालं. गिअर टाकला की चेन एका चक्रीवरून दुसरीवर जायचीच नाही. मधेच कुरकुरत बसायची, आणि चढावर आपण जोर लावला की खाडकन उडी मारायची. एका रविवारी तीच घेऊन मी नानाभाऊंकडे गेलो. निमित्त काहीच नव्हतं, फक्त आवाज होता.

तो आवाज ऐकून नानाभाऊ खुर्चीतून उठले! कित्येक महिन्यांत मी त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं.

जिनिंगच्या शेडमध्ये तुळईला कापसाची गाठ तोलायचा हूक लोंबत होता, वर तबकडीचा काटा. त्या हुकाला त्यांनी माझी सायकल सीटला धरून टांगली. काटा किंचित हलला. रिकाम्या शेडकडे तोंड करून नानाभाऊंनी आरोळी दिली, "आज आवक एक!"

हंगामात गाड्या यायच्या तेव्हा ते असंच ओरडायचे. शेडमधली कबुतरं उडाली.

मग त्यांनी डोळे मिटले. "फिरवा मास्तर पायडल." मी फिरवलं. नानाभाऊ गिअरकडे पाहत नव्हते, नुसते ऐकत होते. हयातभर त्यांनी जिनिंगचे रोलर असेच ऐकले होते. कुठला रोलर घासतोय ते ऑफिसात बसून सांगायचे. थोड्या वेळाने म्हणाले, "वायर ढिल्ली आहे. तुमी गिअर टाकता, पन तुमचा निरोप मागंपर्यंत पोचतच नाही."

हँडलवरून मागे गेलेल्या वायरच्या टोकाला बोटाने फिरवायची एक छोटी फिरकी असते. ती त्यांनी अर्धा आटा फिरवली. चेन मुकाट्याने चक्र्या बदलायला लागली. नानाभाऊ हात पुसत म्हणाले, "आता पुढच्या रविवारी या. अन् एकटे नका येजा. आवक वाढली पाह्यजे."

*

पुढच्या रविवारी मी जोशी वकिलांना नेलं. त्यांची सायकल आधी शरीफभाईंच्या हातून गेली होती.

शरीफभाईंचा हात साध्या सायकलवर बसलेला. त्यात त्यांना तोड नव्हती, पण गिअर त्यांनी वकीलसाहेबांच्याच सायकलवर पहिल्यांदा पाहिला. आणि 'येत नाही' म्हणणं त्यांच्या रक्तात नाही! मागच्या चक्र्यांपाशी चेनला इकडून तिकडे ढकलणारा एक लोंबता हात असतो, डिरेलर. त्याने फार इकडे-तिकडे जाऊ नये म्हणून दोन बारके स्क्रू असतात. शरीफभाईंनी ते दोन्ही स्क्रू दाबून पार आवळून टाकले.

"लो वकीलसाब. अब जिंदगी में कभी नाही बिघडनार!"

"अहो, पण आता गिअर बदलतच नाहीये!"

"बदलेंगाच नाही, तर बिघडंल कसा?"

वकील भांडत भांडत जिनिंगवर आले, मागोमाग शरीफभाई. "शिकायले नाही आलो, देखने आलो," असं त्यांनी फाटकातच जाहीर केलं. पण आले ते आलेच, पुढचे सगळे रविवार. एकदा मी विचारलं, दुकान बंद ठेवून कसं चालतं? तर म्हणाले, "सर, पहिले कपास बिकला की देहातला मानूस नवी सायकल घ्याचा. फिर नवी बंद झाली, पुरानी दुरुस्त कराले लागले. आता पंक्चरबी नाही येत."

"पंक्चर का येत नाही?"

"पंक्चर होयाले मानसानं कुठं तरी जाले पाह्यजे ना सर!"

*

वकीलसाहेबांचा एक छोटासा सांगतो. ते सायकलचीही उलटतपासणी घ्यायचे. हुकाला टांगलेल्या सायकलसमोर उभं राहून, "आवाज नेमका केव्हापासून येतो? चढावर की उतारावर? त्या वेळी कोण कोण हजर होतं?" कुंदाताई हसून हसून बेजार व्हायच्या. असं बराच वेळ चाललं की नानाभाऊ खुर्चीतून म्हणायचे, "वकीलसाहेब, तारीख घेऊन टाका. तुमच्यात तर तसंच करतेत ना!"

आणि तारीख मिळायची. पुढचा रविवार.

*

थंडीत एकदा आम्ही चांदूर बाजारच्या बाजूला सायकली घेऊन निघालो. नानाभाऊ त्या दिवशी आले नव्हते. कुंदाताईंच्या ओळखीच्या भागातून जाताना एका गावात वकीलसाहेबांची चेन चक्री आणि स्पोकच्या मधे जाऊन अशी रुतली की चाकच फिरेना. आम्ही पारापाशी उतरलो. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक बनियनसारखे शर्ट.

बघता बघता माणसं जमली. कोणी खुर्च्या आणल्या. एका बाईने पाण्याचा तांब्या आणला. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "या साहेब. पहिले यादी पाहता का पहिले वावर?"

आम्हाला काही कळेना. कुंदाताई कानात म्हणाल्या, "सर, यायले आपन पाहनी पथक वाटून राह्यलो!"

त्या वर्षांत नुकसान पाहणाऱ्या सरकारी पथकांची लाईन लागली होती. यायचे, बघायचे, जायचे. आता हे सांगायचं कसं? वकीलसाहेब घसा खाकरेपर्यंत आम्हाला पहिल्या वावरात नेलंसुद्धा! पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, लालभडक झालेली, लाल्या रोग आलेला, बोंडं चिंचोक्याएवढी. एका पोत्यापुरताही कापूस निघाला नसता. वकीलसाहेबांनी हेल्मेट काढून हातात धरलं. अंत्ययात्रा दिसली की टोपी काढतात तसं.

म्हातारा म्हणाला, "पहिलं पथक गाड्यायच्या ताफ्यात आलं होतं बाप्पा. दुसरं आलं एका जीपमंदी. तुमी सायकलवर आले. आता पुढचं पथक रांगत येईन वाटते!"

सगळं गाव हसलं. आम्हाला हसता येईना. शेवटी कुंदाताईंनीच धीर केला. "बाबा, आमी पथक नाही हो. फिराले निघालो होतो. गिअर बिघडला म्हनून थांबलो."

मला वाटलं आता शिव्या बसणार. म्हाताऱ्याने आमची हेल्मेटं न्याहाळली. मग म्हणाला, "बरं केलं माय. काहून थांबले ते सांगतलं तरी. पथकानं थेबी नाही सांगतलं कधी."

चेन त्यांनीच काढून दिली, आणि वर चहाही पाजला.

*

आता तो अकोल्याचा.

नानाभाऊ सगळ्यांच्या सायकली लावून द्यायचे, पण त्यांची स्वतःची कधी लागली नाही. ती सतीशची कॉलेजातली सायकल होती. तो पुण्याला गेल्यापासून भिंतीला टेकून होती. चेन सगळ्यात लहान चक्रीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर बसलेली. काही केलं तरी हलत नसे. नानाभाऊ तीच जड सायकल दम लागेपर्यंत रेटायचे.

"दुसऱ्याचं सारं ऐकू येते मले," ते म्हणायचे. "हिचं नाही ऐकू येत."

कोणी तरी सांगितलं की अकोल्याला बाजारात एक माणूस आहे, गिअरमधला फार जाणता. मग काय! सायकल एसटीच्या टपावर बांधली आणि मी, नानाभाऊ आणि शरीफभाई अकोल्याला गेलो. शरीफभाईंची सासुरवाडी अकोल्याची, त्यामुळे ते जावयासारखे पुढे पुढे चालत होते.

दुकान सापडलं. माणूस चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्याने पायडल फिरवलं, वायर ओढली, पानाची पिंक टाकली आणि मान हलवली. "नाही भाऊ. हे आपल्याकून नाही होत. हे तुमी अमरावतीले न्या."

"अमरावतीले?" शरीफभाई म्हणाले.

"हो. तिथं एक नानाभाऊ आहेत म्हनतेत, जिनिंगवाले. त्यायले दाखवा."

मी नानाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मला डोळ्याने गप्प राहायला सांगितलं. मग अगदी परक्या माणसासारखं विचारलं, "त्यायले येते का पन, गिअरचं?"

"येते का नाही ते काही मालूम नाही," तो अकोल्याचा माणूस म्हणाला. "पन रविवारी सारे लोक तिथंच जातेत म्हने."

परतताना एसटीत शरीफभाई हसून हसून रडायला आले होते. नानाभाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. मूर्तिजापूर मागे गेल्यावर एकदम म्हणाले, "मास्तर, मले वाटत होतं माहं नाव मिटलं."

लोक हा किस्सा ऐकतात तेव्हा मी एसटीच्या आधीच थांबतो.

*

शेंदूरजनाघाटला शरीफभाईंचा साडू रशीद, त्याचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी संत्री खायला या म्हणून तो दर वर्षी बोलवायचा. एका वर्षी आम्ही सायकली एसटीच्या टपावर टाकून गेलो. पोचलो तर बगिच्यात करवत चालू होती.

बोअरचं पाणी खाली खाली जात पार गेलं होतं. झाडं उभ्या उभ्या वाळली होती. रशीद ती सरपणाला तोडून देत होता. विहिरीच्या कडेच्या दोन-चार झाडांवर तेवढी फळं होती. शरीफभाईंनीही तोवर एक जुनी गिअरची सायकल मिळवली होती. तीच फळं उतरवून रशीदने पोतं भरलं आणि त्या सायकलच्या मागे एका बाजूला बांधलं. "नाही नको" म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

आता गिअरच्या सायकलला एका अंगाला ओझं बांधू नये, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पहिल्याच वळणावर सायकल त्या अंगावर पडली. डिरेलर ज्या पट्टीला लोंबतो ती पट्टी वाकली. तेव्हापासून शरीफभाईंचा एकही गिअर जागेवर पडला नाही. वायर ताणा, ढिली करा, काही उपयोग नाही. मुळातच वाकल्यावर वायर काय करणार?

निघताना वकीलसाहेब रशीदला म्हणाले, "आता इथे काय लावणार?"

"आता प्लॉट लावतो वकीलसाब," तो म्हणाला. "त्याले पानी नाही लागत."

नानाभाऊ त्या दिवशी आमच्याबरोबर होते. ते संत्रं सोलत होते. ते त्यांनी न खाता तसंच खिशात ठेवलं. त्यांच्या जिनिंगच्या जागेलाही तेव्हा दलाल फिरकायला लागले होते.

*

एवढे रविवार झाले, पण सायकली काही सुधरेनात. रविवारी नीट व्हायच्या, बुधवार-गुरुवारपर्यंत परत कुरकुर. नानाभाऊ म्हणायचे, "शेडमंदी जुनी रुई उडते ना, थे जाते चेनमंदी. जिनिंगची रुई आहे, सुटता सुटत नाही." पटायचं. कोपऱ्याकोपऱ्यात रुई होतीच.

एका रविवारी आम्ही ऑफिसात चहा घेत होतो. नानाभाऊ नेहमीप्रमाणे "आखरी हात मारून येतो" म्हणून शेडमध्ये थांबले. कुंदाताई चष्मा विसरल्या म्हणून परत गेल्या. आल्यावर चहा तसाच ठेवला. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "सर, ते रुई-बिई काही नाही. नानाभाऊ एकेका सायकलपाशी जाऊन फिरकी उलटी फिरवत होते. जराशीच. चार दिवसांनी कुरकुरावी इतकीच."

मी सायकलचं कुलूप काढत राहिलो.

"सांगायचं का त्यांना, आम्हाला कळलं म्हणून?"

"तुम्हीच सांगा, काय करायचं?" मी म्हटलं.

त्यांनी ओढणीने डोळे टिपले आणि सायकलवर बसल्या. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी त्याच हजर होत्या. "नानाभाऊ, परत बिघडला हो माझा!"

महिन्याभराने मला राहवेना. मी वकीलसाहेबांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "मला दिवाळीपासून माहीत आहे." मग शरीफभाईंना सांगितलं. ते हसले. "मेरेको पहिल्या दिवसापासून मालूम आहे सर. गिऱ्हाईक परत कसा आनायचा, थे मले शिकवता का?"

म्हणजे चौघांनाही माहीत होतं, आणि जो तो लपवत होता! हसायला हवं होतं. आम्ही कोणी हसलो नाही.

*

शेवटी जिनिंग विकलं गेलं. तिथे प्लॉटचं ले-आउट पडणार होतं. सतीश वडिलांना न्यायला आला. नानाभाऊ जायला तयार नव्हते. त्यांचं एकच पालुपद, "इतक्या लोकायच्या सायकली अडून आहेत इथं. मी कसा येऊ? यायच्या सुधरल्या का मंग येतो."

सतीशने ते मनावर घेतलं. तो पुण्यात स्वतः भारी सायकल चालवायचा, गिअरमधलं त्याला सगळं कळायचं. रविवारी सकाळी बाह्या सरसावून तो शेडमध्ये आला. एकेक सायकल हुकाला टांगली. पहिली पाहिली. दुसरी पाहिली. तिसरीला थांबला.

"सर, गंमत आहे. सगळ्यांचा बिघाड एकच आहे. सगळ्या वायरी सारख्याच ढिल्या. असं आपोआप होत नाही. कोणी तरी..."

वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. कुंदाताईंनी पर्समध्ये काही तरी शोधायला घेतलं. नानाभाऊ खुर्चीत मान खाली घालून बसले होते. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तो चेहरा माझ्याने बघवेना.

शरीफभाई म्हणाले, "इधर की हवाच वैसी आहे सतीशबाबू. सगळ्यायले एकसारखी लागते."

सतीशने आमच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे. मग भिंतीला टेकलेल्या स्वतःच्या जुन्या सायकलकडे. हातातला पाना त्याने खाली ठेवला. मग वडिलांपाशी उकिडवा बसून म्हणाला, "बाबा, पुण्याला माझ्या सायकलचा गिअरपण फार खराब झालाय. तिथे कोणालाच नीट करता येत नाही."

नानाभाऊंनी मान वर केली. "काहून? काय होते?"

"आवाज येतो."

"कसा येते?"

"ते तुम्ही ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

त्याच आठवड्यात नानाभाऊ पुण्याला गेले. जाताना गाठीचा हूक शरीफभाईंना देऊन गेले. म्हणाले, "याले रिकामा नका ठेवजा."

*

हूक शरीफभाईंच्या दुकानात लागला. रविवारी आम्ही तिथे जमायला लागलो. नानाभाऊ नाहीत म्हटल्यावर सायकली अगदी गुणी झाल्या. एकीचा आवाज नाही! आणि आवाज नाही म्हटल्यावर बसायचं कशाला? दोन-तीन रविवार आम्ही पेपर वाचून उठून आलो.

मग एका रविवारी पुण्याहून फोन. "मास्तर, आज आवक किती?"

मी गडबडलो. म्हटलं, "चार."

"टांगा एक. अन् फोन धरा चाकापाशी."

शरीफभाईंनी तेवढ्यात लगबगीने फिरकी उलटी पिळली, आणि मी पायडल मारलं. कुरकुर, खडखड, सगळं पुण्याला गेलं. पलीकडून लगेच नानाभाऊंचा खणखणीत आवाज, "वायर ढिल्ली आहे. अर्धा आटा डावीकडं." आम्ही फिरवलं. आवाज थांबला. नानाभाऊ खूश, आम्हीही खूश. सतीशने नंतर मला सांगितलं, रविवारी बाबा पहाटेच आंघोळ उरकून फोनपाशी बसतात. बाकीचे दिवस फारसं बोलत नाहीत. जेवणही तेवढ्यास तेवढं. डॉक्टर म्हणतात, त्यांना तब्येतीचं काही नाही. हे सांगताना सतीश 'ठीक'च्या आधी थांबायचा तसाच थांबला.

त्यामुळे आम्ही रविवार चुकवला नाही. फोन यायच्या आधी एकाची तरी सायकल नीट बिघडवून ठेवायची, हा शिरस्ताच झाला. त्यात शरीफभाईंचा हात असा बसला की नानाभाऊंना दर वेळी वेगळं काही तरी ऐकायला मिळायचं.

पण माणसं काही हुकाला टांगून ठेवता येत नाहीत. कुंदाताईंची बदली पार मेळघाटात झाली. वकीलसाहेबांचे गुडघे गेले. आणि मग एका रविवारी शरीफभाईही अकोल्याला गेले, सासऱ्यांच्या मयतीला. दुकानाला कुलूप. आत हूक, बाहेर मी.

दुकानाच्या ओट्यावर मी सायकल उलटी करून ठेवली. ओट्यावर ऊन आलं होतं. समोरच्या हॉटेलातून भज्यांचा वास येत होता. मी नुसता बसून राहिलो. कुंदाताई असत्या तर चहा मागवला असता, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, आज आवक किती?"

"एक."

"कोनाची?"

"माझीच."

"अन् बाकीचे?"

मी दुकानाच्या कुलपाकडे पाहिलं. त्यांनी परत विचारलं नाही.

"बरं. फिरवा."

फोनचा स्पीकर लावून मी तो ओट्यावर चाकापाशी ठेवला आणि एका हाताने पायडल फिरवायला लागलो. दुसऱ्या हाताने गिअर टाकला. चेन अलगद वरच्या चक्रीवर गेली. आणखी एक टाकला. तीही गेली. टिक नाही, खट नाही. चाक नुसतं वाऱ्यासारखं सुळसुळत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं! त्याच आठवड्यात शरीफभाईंनी मला नवी वायर घालून दिली होती, आणि आज फिरकी पिळून ठेवायला कोणी नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. सगळ्या गिअरमधून चेन जाऊन परत आली तरी आवाज म्हणून नाही. माझा हात थांबेना. थांबलो असतो तर काय बोलायचं तेच कळत नव्हतं.

पलीकडे नानाभाऊ ऐकत होते. एरवी ते लगेच सांगायचे. आज कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, फोन कटला. मी वाकून पाहिलं. चालू होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यांचा आवाज आला.

"लय बिघडली आहे मास्तर," नानाभाऊ म्हणाले. "हात नका लावजा तिले. येत्या रविवारी पाहू."